रशियन भाषेत नोकरी-व्यवसायाविषयी कसे बोलावे : नवशिक्या मराठी विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

रशियन शिकायला लागून महिना झालेल्या मराठी विद्यार्थ्याला ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न रशियनमध्ये विचारायला सांगितले, तर तो बहुधा ‘श्तो वी द्येलयिते?’ असे म्हणतो. शब्द सगळे बरोबर असतात, व्याकरणही चुकलेले नसते, परंतु समोरच्या माणसाला हा प्रश्न ‘तुम्ही आत्ता हे काय करत आहात?’ असा ऐकू येण्याची शक्यता अधिक असते, आणि तो ‘चहा पितो आहे’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. मराठीत ‘काय करता?’ म्हणजे ‘पोटापाण्यासाठी काय करता?’ हे सांगावे लागत नाही. रशियनमध्ये त्यासाठी वेगळा प्रश्न आहे आणि तो तृतीया विभक्तीवर उभा आहे. म्हणून व्यवसायांच्या नावांची लांबलचक यादी पाठ करण्याआधी ही एक विभक्ती पक्की करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द कोशात सापडतात, प्रत्यय मात्र आयत्या वेळी कोठे शोधत बसता येत नाही.

पुणे-मुंबईच्या विद्यापीठांतील रशियनच्या वर्गांत बसणारे, रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले आणि गोव्यात रशियन पर्यटकांशी रोज बोलणारे, असे तीन प्रकारचे वाचक डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे.

लिप्यंतराविषयी आधी सांगतो

रशियन शब्द येथे लिहितात तसे नव्हे, तर ऐकू येतात तसे देवनागरीत दिले आहेत. रशियनमध्ये प्रत्येक शब्दात एकाच स्वरावर आघात असतो आणि तो स्वर लांबतो. ज्या ‘ओ’वर आघात नाही तो ‘अ’सारखा ऐकू येतो. म्हणून शब्दाच्या मध्ये आ, ई, ऊ, ए किंवा ओ दिसला, तर आघात तेथे आहे असे समजावे. शब्दाच्या शेवटी आलेले आ आणि ए यांना मात्र हा नियम सरसकट लावू नये, कारण ते पुष्कळदा केवळ लेखनाच्या सोयीसाठी तसे लिहिलेले आहेत.

येथील च नेहमी ‘चार’मधला, ‘त्स’चा उच्चार आपल्या ‘चांगला’मधल्या च सारखा आणि ज ‘जहाज’मधला. झ म्हणजे श म्हणताना कंठातून आवाज काढला की जे ऐकू येते ते. ‘वी’ म्हणजे तुम्ही, यातला ई हा जीभ मागे ओढून उच्चारायचा असतो. तो ऐकूनच शिकावा लागतो. त आणि द खरोखर दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने विद्यार्थी ‘स्टुडंट’सारखा ट घालतात, रशियन शब्द ‘स्तुद्येंत’ असा आहे आणि मराठी जिभेला तो अधिक सोपा आहे.

पहिली पायरी : ‘आहे’ विसरणे

वर्तमानकाळात रशियन माणूस ‘आहे’ म्हणतच नाही. ‘या व्राच’ म्हणजे ‘मी डॉक्टर आहे’. ‘ओन इंझिन्येर’ म्हणजे ‘तो इंजिनिअर आहे’, ‘अना युरीस्त’ म्हणजे ‘ती वकिली क्षेत्रात आहे’. आपणही ओळख करून देताना ‘हे माझे मामा, बँकेत मॅनेजर’ असे म्हणतोच, त्यामुळे ही रचना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. लिहिताना मात्र दोन नामे शेजारी आली की मध्ये आडवी रेघ देतात: ‘मया मामा — उचीतिल्नित्सा’, म्हणजे ‘माझी आई शिक्षिका आहे’. कर्ता सर्वनाम असेल तर रेघ सहसा देत नाहीत.

नकारासाठी ‘नि’ हा शब्द नामाआधी ठेवतात. ‘न्येत, या नि व्राच, अ मिदसिस्त्रा’ म्हणजे ‘नाही, मी डॉक्टर नाही, नर्स आहे’. यातला ‘अ’ म्हणजे आपले ‘तर’ किंवा ‘उलट’. प्रश्न करण्यासाठी ‘का’सारखा शब्द लावावा लागत नाही, ‘वी व्राच?’ यात केवळ आवाज चढवला की प्रश्न होतो. आवाज चढला नाही तर ते साधे विधान राहते आणि समोरचा माणूस ‘हो, बरोबर’ अशा चेहऱ्याने पाहत राहतो.

दुसरी पायरी : करणकारकाचा प्रत्यय

खरा प्रश्न असा आहे: ‘क्येम वी रबोतयिते?’ ‘क्तो’ म्हणजे कोण, त्याचे तृतीयेचे रूप ‘क्येम’, म्हणजे अक्षरशः ‘कोणाने’. ‘तुम्ही कोणाने काम करता?’ हे मराठीत हास्यास्पद वाटेल, पण रचना नेमकी हीच आहे. ‘पेनाने लिहितो’ हे सांगायला रशियन भाषा ‘पिशू रूच्कय’ म्हणते, आणि ज्या विभक्तीत येथे ‘पेन’ येते त्याच विभक्तीत ‘डॉक्टर म्हणून काम करतो’ यातला ‘डॉक्टर’ही येतो. आपले ‘ने’ आणि ‘म्हणून’ तेथे एकाच रूपात सामावले आहेत. हे एकदा मनात बसले की उरते ते प्रत्ययांचे काम.

व्यंजनान्त पुल्लिंगी नामाला ‘ओम’ लागतो, पण त्यावर आघात नसेल तर तो ‘अम’ असा ऐकू येतो. इंझिन्येर – इंझिन्येरम, प्रग्रमीस्त – प्रग्रमीस्तम, पोवर (स्वयंपाकी) – पोवरम, बुगाल्तिर (हिशेबनीस) – बुगाल्तिरम. ‘व्राच’मध्ये आघात प्रत्ययावर उडी मारतो, म्हणून ‘व्रचोम’. ‘प्रदव्येत्स’, म्हणजे दुकानातील विक्रेता, याच्यातला मधला स्वर गळून ‘प्रदफ्त्सोम’ होते. हा गळणारा स्वर सुरुवातीला त्रास देतो. त्याचा नियम शोधत बसण्यापेक्षा दोन्ही रूपे जोडीने पाठ करणे बरे.

मृदू व्यंजनाने, म्हणजे येथे ‘य’ची छटा घेऊन उच्चारलेल्या व्यंजनाने, संपणाऱ्या पुल्लिंगी नामांना ‘इम’ लागतो: उचीतिल (शिक्षक) – उचीतिलिम, वदीतिल (वाहनचालक) – वदीतिलिम. आघात प्रत्ययावर असला तर तेच ‘योम’ होते: सिक्रितार – सिक्रितर्योम. आकारान्त स्त्रीलिंगी नामांना ‘ओय’, आघात नसल्यास ‘अय’: मिदसिस्त्रा – मिदसिस्त्रोय, अक्त्रीसा – अक्त्रीसय. ‘त्सा’ने संपणाऱ्यांना ‘त्सिय’: उचीतिल्नित्सा – उचीतिल्नित्सिय.

क्रियापद ‘रबोतत’ (काम करणे) नियमित आहे: या रबोतयु, ती रबोतयिश, ओन किंवा अना रबोतयित, मी रबोतयिम, वी रबोतयिते, अनी रबोतयुत. यातली ‘ती’ म्हणजे आपली ‘ती’ नव्हे, तर ‘तू’. आणि ‘मी’ म्हणजे ‘आम्ही’ किंवा ‘आपण’. मराठी विद्यार्थ्याची पहिल्या आठवड्यातली निम्मी फजिती या दोन शब्दांपायी होते.

आता ‘या व्राच’ आणि ‘या रबोतयु व्रचोम’ यांत फरक काय, हे पाहू. पहिले वाक्य तुम्ही कोण आहात ते सांगते, दुसरे तुम्ही सध्या कोणत्या कामावर आहात ते सांगते. बहुतेक वेळा दोन्ही चालतात, पण ‘ओन इंझिन्येर, नो रबोतयित तक्सीस्तम’ या वाक्यात त्यांची खरी गरज कळते: तो इंजिनिअर आहे, पण टॅक्सी चालवतो. शिक्षण एक आणि नोकरी दुसरी हे आपल्याकडे घरोघरी असल्यामुळे हे वाक्य लवकर शिकून ठेवावे.

प्रश्नाचे आणखी दोन प्रकार कानावर पडतात. ‘क्तो वी प प्रफ्येसिइ?’ म्हणजे ‘पेशाने तुम्ही कोण?’, याचे उत्तर साध्या प्रथमेत द्यायचे. ‘च्येम वी जनिमायितिस?’ म्हणजे ‘तुम्ही कशात असता?’; हा मराठी ‘काय करता?’च्या सर्वांत जवळचा प्रश्न आहे, आणि ज्याची ठरावीक नोकरी नाही, ज्याचा स्वतःचा व्यवसाय आहे, अशा माणसालाही तो सहज विचारता येतो. त्यावर ‘उ मिन्या स्वोय बीजनेस’ असे उत्तर येऊ शकते. ‘उ मिन्या’ म्हणजे ‘माझ्याकडे’, त्यामुळे ही रचनाही ओळखीची आहे.

तिसरी पायरी : भूतकाळ आणि भविष्यकाळ

वर्तमानात लपून बसलेले ‘असणे’ भूतकाळात बाहेर येते आणि व्यवसायाचे नाव तृतीयेत ढकलते. पुरुष ‘या बील’ म्हणतो, स्त्री ‘या बिला’ म्हणते. ‘मी होतो’ आणि ‘मी होते’ असा भेद करणाऱ्या आपल्याला यात शिकण्यासारखे काही नाही. इंग्रजीतून रशियन शिकणाऱ्यांना मात्र येथे बराच घाम गाळावा लागतो.

सरावासाठी खरी माणसे घ्यावीत, म्हणजे वाक्ये लक्षात राहतात. ‘च्येखफ बील व्रचोम’: लेखक चेखव हे पेशाने डॉक्टर होते. ‘बरदीन बील खीमिकम इ कम्पजीतरम’: बोरोदिन हे रसायनशास्त्रज्ञही होते आणि संगीतकारही. महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले उदाहरण अफनासी निकीतिन यांचे. त्वेर या गावचा हा व्यापारी 15 व्या शतकात चौल बंदरात उतरला आणि पुढे जुन्नरला पावसाळाभर राहिला. व्यापाऱ्याला जुना शब्द ‘कुप्येत्स’, म्हणून ‘निकीतिन बील कुप्त्सोम’. येथेही मधला स्वर गळला आहे.

भविष्यकाळात ‘या बूदु व्रचोम’, म्हणजे ‘मी डॉक्टर होईन’. ‘व्हायचे आहे’ यासाठी ‘या खचू स्तात व्रचोम’. मुलांना विचारायचा जगभरचा लाडका प्रश्न रशियनमध्ये ‘क्येम ती खोचिश स्तात?’ असा आहे. 1963 साली अंतराळात गेलेल्या वालेन्तीना तेरेश्कोवा आधी कापड कारखान्यात काम करीत, म्हणून ‘तिरिश्कोवा रबोतला न फाब्रिके’, आणि नंतर ‘अना स्ताला कस्मनाफ्तम’. या शेवटच्या वाक्यात क्रियापद स्त्रीलिंगी आहे आणि नाम पुल्लिंगी. ते तसे का, हे पुढच्या पायरीत येते.

चौथी पायरी : बायकांच्या व्यवसायांची नावे

रशियनमध्ये काही व्यवसायांना पुरुष आणि स्त्री अशी दोन रूपे सर्रास चालतात: उचीतिल आणि उचीतिल्नित्सा, अक्त्योर आणि अक्त्रीसा, स्तुद्येंत आणि स्तुद्येंतका, प्रदव्येत्स आणि प्रदफ्शीत्सा. परंतु व्राच, इंझिन्येर, युरीस्त, दिर्येक्तर, कस्मनाफ्त हे शब्द स्त्रीलाही जसेच्या तसे लावतात. ‘व्रचीखा’ असे रूप अस्तित्वात आहे, पण ते बोलीतले आणि काहीसे अनादराचे आहे. ‘सिक्रितार्शा’ हेही तसेच. याच घडणीचा ‘गिनिरालशा’ हा शब्द मुळात सेनापतीच्या पत्नीसाठी वापरत. आपल्याकडे ‘पाटलीण’ म्हणजे पाटलाची बायको आणि ‘मास्तरीणबाई’ म्हणजे कधी शिकवणारी बाई तर कधी मास्तरांची बायको. तीच संदिग्धता येथे आहे. कवयित्री आन्ना अख्मातवा यांना ‘पएतेसा’ हे स्त्रीलिंगी रूप मानवत नसे, त्या स्वतःला ‘पएत’, म्हणजे कवी, म्हणवीत. शंका असेल तेव्हा नवशिक्याने पुल्लिंगी रूप वापरावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

पण क्रियापदाचे काय? ‘व्राच प्रिश्ला’ म्हणजे ‘डॉक्टर आल्या’. नाम बदलत नाही, क्रियापद मात्र बाई आल्याचे सांगते. मराठीतील ‘डॉक्टर आल्या’ याचीच ही जुळी रचना आहे, आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा आपल्या भाषेतील हे उदाहरण ती अधिक चटकन समजावते. विशेषणाच्या बाबतीत मात्र वाट वेगळी होते. ‘ती चांगली डॉक्टर आहे’ असे आपण म्हणतो. रशियनमध्ये ‘अना खरोशिय व्राच’ म्हणावे लागते, म्हणजे विशेषण पुल्लिंगीच. ‘खरोशया व्राच’ हे कानाला खटकते, आणि मराठी विद्यार्थी ते हमखास म्हणतो.

पाचवी पायरी : कोठे काम करता?

‘ग्द्ये वी रबोतयिते?’ या प्रश्नाच्या उत्तरात दोन शब्दयोगी अव्यये येतात: ‘व’ म्हणजे आत, ‘न’ म्हणजे वर. दोन्हींनंतर नामाला बहुधा ‘ए’ लागतो. ‘व’पुढे क, प, श यांसारखे कठोर व्यंजन आले की ते ‘फ’ होते. शाळेत: फ श्कोले. बँकेत: व बान्के. रुग्णालयात: व बल्नीत्से. कार्यालयात: व ओफिसे. ‘इया’ने संपणाऱ्या नामांना ‘ए’ऐवजी ‘इ’ लागतो, म्हणून कंपनीत: फ कम्पानिइ.

कोणत्या जागेला ‘व’ आणि कोणत्या जागेला ‘न’, याचे गणित तर्काने सुटत नाही, पण मराठीचा ‘त’ आणि ‘वर’ बराच उपयोगी पडतो. कामावर: न रबोते. स्टेशनवर: न वग्जाले. बांधकामाच्या साइटवर: न स्त्रोय्के. आजोबा पेन्शनवर आहेत: द्येदुश्का न प्येन्सिइ. चारही ठिकाणी आपला ‘वर’ आणि त्यांचा ‘न’ हातात हात घालून चालतात. जेथे ते फुटतात तेवढीच ठिकाणे वेगळी लिहून ठेवावीत: आपण कारखान्यात, ते ‘न जवोदे’; आपण पोस्टात, ते ‘न पोच्ते’; उलट आपण शेतावर, तर ते ‘फ पोले’, म्हणजे शेतात. आणखी एक बारकावा म्हणजे यंत्रे, पोलाद, मोटारी तयार होतात तो ‘जवोत’, आणि कापड, मिठाई, फर्निचर यांची ‘फाब्रिका’. मराठीत दोन्ही कारखानेच, जरी कापडाच्या कारखान्याला आपणही गिरणी असा वेगळा शब्द ठेवला आहे.

फसवे शब्द

ओळखीचे वाटणारे काही शब्द दगा देतात. ‘स्तुद्येंत’ हा फक्त महाविद्यालय किंवा विद्यापीठात शिकणारा. शाळेतील मुलगा ‘श्कोल्निक’. ‘उचीतिल’ शाळेत शिकवतो, विद्यापीठात शिकवणारा ‘प्रिपदवातिल’, आणि ‘प्रफ्येसर’ ही फार वरची पायरी आहे. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकालाही प्रोफेसर म्हणतात, ते तेथे चालणार नाही. ‘अर्तीस्त’ म्हणजे रंगमंचावरचा कलावंत, चित्रकार तो ‘खुदोझनिक’. ‘मगजीन’ म्हणजे दुकान, मासिक नव्हे. ‘व्राच’ हे पेशाचे नाव आहे, पण डॉक्टरांना हाक मारताना ‘दोक्तर’ म्हणतात.

घरी शेती असलेल्या विद्यार्थ्याने वडिलांसाठी ‘फ्येर्मिर’ हा शब्द वापरावा. ‘क्रिस्त्यानिन’ला जुन्या काळातील कुळवाड्याचा वास आहे. ‘सरकारी नोकरीत आहेत’ हे सांगायला शब्दकोश ‘चिनोव्निक’ सुचवतो, परंतु त्यात आपल्या ‘बाबू’सारखी टीकेची छटा येऊ शकते. त्याऐवजी खाते किंवा कार्यालय सांगावे, म्हणजे प्रश्नच मिटतो.

कोणाला कसे विचारायचे

अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘वी’, मित्राला आणि लहान मुलाला ‘ती’. हा ‘तुम्ही’ आणि ‘तू’चाच भेद आहे, फक्त ‘आपण’ची तिसरी पायरी तेथे नाही. वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणणाऱ्या घरातील मुलाला आश्चर्य वाटेल, पण रशियन मुले आई आणि वडील दोघांनाही ‘ती’च म्हणतात. कामाच्या ठिकाणी सर किंवा मॅडम नाही. वरिष्ठांना आणि शिक्षकांना त्यांचे नाव आणि त्यापुढे वडिलांच्या नावावरून केलेले नाव घेऊन संबोधतात, जसे ‘आन्ना इवानव्ना’, म्हणजे इवानची कन्या आन्ना. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहिणाऱ्या मराठी माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. आपण ते नाव अर्जावर लिहितो आणि ते लोक ते आदराने हाक मारताना घेतात, एवढाच फरक.

‘वी’ एका माणसासाठी वापरले तरी क्रियापद अनेकवचनी राहते, पण व्यवसायाचे नाव एकवचनी. ‘वी बीलि व्रचोम?’ म्हणजे ‘तुम्ही डॉक्टर होता का?’

सरावासाठी एक संवाद

रशियात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचे वर्ग इंग्रजीतून चालत असले, तरी रुग्णाशी बोलायचे ते रशियनमध्येच, आणि रुग्णाची माहिती घेताना व्यवसाय विचारावाच लागतो, कारण धूळ, रसायने, जड ओझी यांचा आजाराशी संबंध असतो. हा संवाद तेथे पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल:

— क्येम वी रबोतयिते?
— या न प्येन्सिइ.
— अ क्येम वी रबोतलि?
— वदीतिलिम.
— ग्द्ये?
— न जवोदे.

तुम्ही काय काम करता? मी पेन्शनवर आहे. आधी काय करत होता? ड्रायव्हर होतो. कोठे? कारखान्यात. तिसऱ्या ओळीतील ‘अ’ हा ‘बरं, मग’ अशा अर्थाचा आहे, आणि तेथील ‘रबोतलि’ हे अनेकवचन ‘वी’मुळे आले आहे. चौथ्या ओळीत रुग्णाने कर्ता आणि क्रियापद दोन्ही गाळून एकच शब्द उच्चारला, पण त्याला तृतीयेचा प्रत्यय लावायला तो विसरला नाही. हा प्रत्यय ऐकूनच ते प्रश्नाचे उत्तर आहे हे कळते. हा संवाद आधी मोठ्याने वाचावा, मग चौथ्या ओळीत पोवरम, बुगाल्तिरम, मिदसिस्त्रोय, उचीतिल्नित्सिय असे एकेक नाव घालत न अडखळता म्हणून पाहावा, आणि पाचव्या ओळीनंतर त्या व्यवसायाला साजेशी जागा ‘व’ किंवा ‘न’ लावून सांगावी. रुग्ण स्त्री असली तरी डॉक्टरचे प्रश्न असेच राहतात. फक्त तिने पूर्ण वाक्यात उत्तर दिले, तर ती ‘या रबोतल’ न म्हणता ‘या रबोतला’ म्हणेल.